वर्षाला किती किलोमीटर वाहिनी बदलली?

पाणवठा (धागाकर्ती)

पाणीपट्टी वाढवायचा प्रस्ताव आला की सभेत गदारोळ होतो, प्रस्ताव बारगळतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटतं. मी पाणीपुरवठ्याच्या नोकरीत सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रस्त्यावरच्या खड्ड्यांत उभं राहून. त्या खड्ड्यात जे दिसतं ते सभेपर्यंत पोचत नाही, म्हणून हा धागा.

एक प्रसंग सांगते. मुख्य वाहिनी फुटली होती, बिडाची, जुनी. झडपा बंद करून पाणी उपसून खड्डा मोकळा होईपर्यंत पहाट झाली. पाईप वरून धडधाकट दिसत होता. फिटरने खिशातली छोटी सुरी काढली आणि पाईपच्या अंगावरून ओढली. पेन्सिलीच्या शिशासारखा काळा, मऊ भुगा निघाला. बिडातलं लोखंड गंजून निघून गेलं होतं, मागे नुसतं ग्राफाइट उरलं होतं. आकार पाईपचा, ताकद खडूची. आम्ही क्लॅम्प बसवला, माती लोटली. तीन आठवड्यांनी तिथूनच पंधरा फुटांवर पुन्हा खड्डा घेतला. ती वाहिनी बदलायचा प्रस्ताव माझ्या आधीच्या अभियंत्यांनी पाठवला होता, मी पाठवला, माझ्यानंतरच्यांनीही पाठवला असणार. दर वेळी शेरा तोच, ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करावा’.

आता साधं गणित करू. समजा शहरात १००० किलोमीटर वाहिन्या आहेत आणि एक वाहिनी सरासरी ८० वर्षं टिकते. म्हणजे दरवर्षी साडेबारा किलोमीटर बदलल्या तरच जाळं आहे त्या वयाचं राहतं. त्याऐवजी ४ किलोमीटरच बदलल्या तर वीस वर्षांत १७० किलोमीटर काम तुंबतं. आणि त्या वेगाने सगळं जाळं एकदा बदलायला २५० वर्षं लागतील. इतकी वर्षं टिकणारी वाहिनी मी तरी पाहिलेली नाही.

यात आणखी एक मेख आहे. शहरं लाटेलाटेने वाढतात. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनने २००१ सालीच तिथल्या शहरांना बजावलं होतं की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेल्या जाड बिडाच्या वाहिन्या साधारण १२० वर्षं टिकतात, १९२० च्या दशकातल्या १०० वर्षं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे ७५ वर्षं. बेरीज करून बघा. आजोबा, मुलगा आणि नातू, तिघांचीही मुदत एकाच सुमारास भरते. आधीच्या पिढ्यांना बदलण्याचा खर्च फारसा आलाच नाही, म्हणून त्यांच्या काळात पाणी स्वस्त होतं. आपण मात्र तोच दर खरा दर समजून बसलो.

दर गोठवण्याचं गणितही तसंच. खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतोय आणि दहा वर्षं दर तोच ठेवला, तर अकराव्या वर्षी बरोबरीला यायला ६३ टक्के वाढ एकदम करावी लागते. तेवढी वाढ कुणी मंजूर करत नाही. मग वीजबिल भरलंच पाहिजे, पगार दिलेच पाहिजेत, क्लोरीन आणि तुरटी लागतेच. कात्री लागते ती वाहिन्या बदलण्याच्या कामाला. कारण वाहिनी जमिनीखाली आहे आणि ती आज फुटणार नाही, उद्याही बहुधा नाही.

माझी विनंती एवढीच आहे. आपापल्या शहराचा पाण्याचा अर्थसंकल्प आला की दर किती वाढला हे तर विचाराच, पण त्याआधी विचारा: गेल्या वर्षी किती किलोमीटर वाहिनी बदलली?

---

तिसरा_मजला

लेख कळकळीचा आहे, पण मला पटला नाही. आमच्याकडे पाणी तासभर येतं, तेही करंगळीएवढ्या धारेने. ते वर चढवायला पंप मी घेतला, टाकी मी बांधली, गाळणयंत्र मी बसवलं, वीज माझी जळते. एवढं करून पाणीपट्टीही भरायची आणि ती वाढवूनही द्यायची? आधी पाणी द्या, मग पैसे मागा. शिवाय वाढवलेला पैसा वाहिनीतच जाईल याची हमी कोण देणार?

---

चावीवाला

मी व्हॉल्वमन होतो, आता निवृत्त. तिसरा_मजला यांचा राग बरोबर आहे, पण करंगळीएवढी धार का येते ते सांगतो.

आम्ही रात्री दोन-अडीचला ऐकायची काठी घेऊन निघायचो. लोखंडी सळई, वरच्या टोकाला वाटीसारखा भाग. सळईचं टोक झडपेवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. त्या वेळी सगळे झोपलेले, वाहिनी शांत असायला हवी. सतत ‘सूंऽऽ’ असा आवाज आला की समजायचं, जवळच गळती आहे. पाच मिलिमीटरचं भोक, म्हणजे शर्टाच्या बटणाच्या निम्मं. तीस मीटर उंचीवरून पाणी आल्याइतका दाब असेल तर त्यातून दिवसाला चोवीस-पंचवीस हजार लिटर पाणी जातं. माणशी १०० लिटर धरलं तर अडीचशे माणसांचं पाणी एका भोकातून. रस्त्यावर थेंब दिसत नाही, सगळं खालच्या मातीत नाहीतर गटारात. रस्त्यावर कारंजं उडालं की लगेच फोन येतात आणि ते दोन दिवसांत दुरुस्त होतं. हे मुकं भोक वर्षानुवर्षं चालू राहतं. खरी नासाडी त्याचीच.

आणि अशा गळक्या जाळ्यात चोवीस तास दाब ठेवायचा तर पाणी पुरणार नाही, म्हणून तासभर सोडायचं. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आत ओढ निर्माण होते, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत येतं. पुन्हा पाणी सोडलं की दणका बसतो, जुने सांधे ढिले होतात. तुम्ही सगळ्यांनी एकाच वेळी पंप लावले की ओढ आणखी वाढते. तुमचा दोष नाही, दुसरं काय करणार? पण हे चक्र असं आहे.

झडपांचंही सांगतो. झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण बंद करून उघडायची असते, नाहीतर आतला स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, धरतो. माणसं कमी केली तेव्हा पहिल्यांदा हे काम बंद पडलं. मग एक दिवस वाहिनी फुटते, जवळच्या झडपा फिरत नाहीत, चौथी-पाचवी कुठेतरी फिरते. जिथे दोन गल्ल्यांचं पाणी बंद व्हायला हवं होतं तिथे निम्मं शहर कोरडं पडतं. झडप फिरवायला खर्च किती? दोन माणसं आणि एक चावी.

---

हिशोबनीस

तिसरा_मजला यांचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मी हिशेबाच्या बाजूने हे पाहिलं आहे. पाण्याचा पैसा पाण्यातच जाईल याची हमी हिशेब वेगळे ठेवल्याशिवाय मिळत नाही. पाणीपट्टी सामान्य तिजोरीत जमा होत असेल तर ती कुठे गेली हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. वेगळं खातं, वेगळा ताळेबंद आणि त्यात ‘वाहिनी बदल निधी’ नावाची राखीव रक्कम, जिला दुसऱ्या कामासाठी हात लावता येणार नाही. दरवाढीला पाठिंबा देण्याआधी नागरिकांनी ही अट घालावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची, म्हणजे वस्तू जुनी होते तशी दरवर्षी पुस्तकात कमी केली जाणारी किंमत. पन्नास वर्षांपूर्वी घातलेल्या वाहिनीची किंमत पुस्तकात त्या वेळची असते. घसारा त्याच किमतीवर काढतात आणि तो कधीच पूर्ण होऊन गेलेला असतो. पुस्तकात वाहिनीची किंमत शून्य, घसारा शून्य, म्हणून वर्षअखेर शिल्लक दिसते. तीच वाहिनी आज घालायची तर कित्येक पट खर्च आहे. अशी शिल्लक पाहून ‘विभाग फायद्यात आहे, दर वाढवायची गरज काय?’ असं विचारणारे प्रामाणिक लोक मी पाहिले आहेत. ते खोटं बोलत नव्हते, आकडाच त्यांची दिशाभूल करत होता.

कर्जाबद्दलही बोलायला हवं. ऐंशी वर्षं टिकणारी वाहिनी आजच्याच ग्राहकांच्या खिशातून रोखीने घालणं न्यायाचं नाही. पुढे ती वापरणाऱ्यांनीही वाटा उचलायला हवा. त्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्जरोखे काढणं योग्यच. पण कर्ज देणारा पाणीपट्टीचं उत्पन्न स्थिर आहे का, वसुली किती होते, हप्ता भरून हातात किती उरतं हे बघतो. दर गोठवलेल्या विभागाला कर्ज एकतर मिळत नाही किंवा महाग मिळतं. म्हणजे दर गोठवण्याची शिक्षा दोनदा.

आणि कर्ज काढून रोजचा तोटा भरायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

---

ओढाकाठ

चर्चा एकाच बाजूला झुकते आहे असं वाटल्यामुळे लिहितो. पैसा वाढवला की वाहिन्या सुधारतात, हे इतकं सरळ नाही. इंग्लंडमध्ये १९८९ साली पाणी खाजगी कंपन्यांकडे गेलं तेव्हा सरकारने जुनी कर्जं माफ करून पाटी कोरी करून दिली होती. लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटरवर आज १५ अब्ज पाउंडांहून जास्त कर्ज आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात नियामकाने तिला १२ कोटी २७ लाख पाउंडांचा दंड ठोठावला. त्यातला एक भाग सांडपाण्याच्या कारभारासाठी होता आणि एक भाग लाभांश वाटपाचे नियम मोडल्याबद्दल. लोक बिल भरतच होते. उलट पॅरिसने २०१० मध्ये पाणी पुन्हा शहराच्या ताब्यात घेतलं आणि पुढच्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी कमी केला.

दुसरं, गरिबांचं काय? दर वाढला की बिल थकतं, बिल थकलं की जोड तोडतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये २०१४ साली हजारो घरांचं पाणी तोडलं गेलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर टीका केली होती. वाहिन्या महत्त्वाच्या आहेत हे मान्य, पण ज्याच्या घरात पाणीच बंद झालं त्याला नव्या वाहिनीचा काय उपयोग?

---

पाणवठा (धागाकर्ती)

ओढाकाठ, तुमचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. मालक कोण यापेक्षा पैसा कुठे जातो हे बघणारं कुणी आहे का, हा खरा प्रश्न. म्हणूनच मी किलोमीटर विचारते. नफा, कर्ज, दर यांचे आकडे वळवता येतात. जमिनीत गेलेली वाहिनी मोजता येते.

गरिबांबद्दल मात्र एक सांगते. सगळ्यांसाठी दर कमी ठेवणं ही गरिबांना मदत नव्हे. सर्वात गरीब माणसाकडे अनेकदा नळच नसतो. तो टँकरचं पाणी विकत घेतो, नळवाल्यापेक्षा कितीतरी महाग. स्वस्त दराचा सगळ्यात मोठा फायदा जास्त पाणी वापरणाऱ्याला होतो. मदत थेट घरापर्यंत पोचवायचे रस्ते आहेत. चिलीमध्ये १९९० पासून ऐपत पाहून, ठरावीक वापरापर्यंतच्या बिलाचा काही भाग सरकार भरतं. पाणी पुरवणाऱ्याला पूर्ण दर मिळतो. फिलाडेल्फियाने २०१७ पासून गरीब घरांचं बिल उत्पन्नाच्या प्रमाणात बांधून दिलं आहे. असं केलं तर वाहिनीही बदलता येते आणि जोडही तोडावा लागत नाही.

आणि पैसे वाचवायच्या घाईने गरिबांवर काय वेळ येते याचं उदाहरण फ्लिंट आहे. मिशिगनमधलं हे शहर आर्थिक अडचणीत होतं, कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. गंज रोखणारं रसायन त्यात घातलंच नाही. नदीच्या पाण्याने जुन्या शिशाच्या वाहिन्यांच्या आतला थर खाल्ला आणि शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं, लहान मुलांच्या रक्तात सापडलं. दोन वर्षांत ५० लाख डॉलर वाचतील असा अंदाज होता. नंतर नुकसानभरपाईचा एक समझोताच ६२ कोटी ६० लाख डॉलरचा झाला. नव्या वाहिन्यांचा खर्च वेगळा. आणि मुलांचं जे झालं ते कुठल्या खात्यात मांडणार?

---

तिसरा_मजला

चावीवाला काका, भोकाचं गणित वाचून खरंच हादरलो. पाणी कमी पडतं म्हणून नवं धरण हवं असंच आम्ही आजवर म्हणत आलो.

पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. विश्वास कसा बसायचा? ज्यांनी आजवर वाहिनी बदलली नाही त्यांच्या हातात आणखी पैसे द्यायचे? कुठल्या एका तरी शहराने हे करून दाखवलं आहे का, तेही श्रीमंत देश सोडून?

---

हिशोबनीस

आहे. नॉम पेन्ह, कंबोडियाची राजधानी.

१९९३ मध्ये तिथे तयार केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसा मिळत नव्हता. काही गळत होतं, काही चोरीला जात होतं, काही बिलातच येत नव्हतं. युद्धाने शहर मोडलं होतं आणि पाणी दिवसातले काही तासच. त्या वर्षी ‘एक सोन चान’ नावाचे अभियंता पाणी प्राधिकरणाचे प्रमुख झाले. त्यांनी प्रत्येक जोडाला मीटर बसवला, ग्राहकांची यादी घरोघर फिरून नव्याने केली, चोरून जोड देणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांवर कारवाई केली, गळती शोधायला रात्रंदिवस पथकं ठेवली आणि सरकारी कार्यालयांकडूनही बिल वसूल केलं. बडी धेंडंही सुटली नाहीत. पुढे हे हिशेबबाह्य पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं, पाणी चोवीस तास झालं. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्या शंकेचं उत्तर दरात आहे. दर वाढवायचा कार्यक्रम तीन टप्प्यांचा ठरला होता, १९९७ पासून. दोन टप्पे झाले. तिसऱ्याची गरजच पडली नाही, कारण गळती आणि चोरी थांबल्यावर उत्पन्नातून खर्च भागू लागला. गरीब घरांना जोड सवलतीत दिले, काहींना मोफत. म्हणजे ‘आधी पाणी द्या, मग पैसे मागा’ हे तुमचं म्हणणं त्यांनी अर्धं मान्य केलं. सेवा आणि दर एकमेकांचा हात धरून वर नेले. सुरुवातीचा पैसा मात्र बाहेरून, मदत आणि कर्जातून आला होता, हे लपवून उपयोग नाही. रिकाम्या तिजोरीने सुरुवात होत नाही.

---

काठपदर

थोडं अवांतर, पण पाणी वाचवा म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. केप टाउनमध्ये २०१८ साली नळ बंद पडायची वेळ आली होती. लोकांनी वापर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटरवरून ५० कोटी लिटरपर्यंत खाली आणला. फार मोठी गोष्ट होती ती. पण बिल लिटरवर असल्याने शहराचं उत्पन्नही कोसळलं. पंप, वाहिन्या, माणसं यांचा खर्च काही निम्मा होत नाही. मग त्याच वर्षी जुलैपासून जोडाच्या आकारानुसार ठरावीक शुल्क लावावं लागलं, आणि लोकांना वाटलं, आपण पाणी वाचवलं त्याची ही शिक्षा. पाण्याचा खर्च बहुतांशी वापरावर अवलंबून नसतो हे आधीच समजावून सांगितलं असतं तर इतका कडवटपणा आला नसता.

---

चावीवाला

मोठ्या वाहिन्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. छोटी फुटली तर गल्ली कोरडी. मोठी फुटली तर शहर. माझा पुतण्या कॅनडात कॅलगरीला आहे. तिथे ५ जून २०२४ ला बेअरस्पॉ साउथ नावाची मुख्य वाहिनी फुटली. सिमेंटची, आत ताणलेल्या तारा. शहराच्या शुद्ध पाण्यापैकी ६० टक्क्यांपर्यंत पाणी तिच्यातून जायचं. १९७५ ची, म्हणजे पन्नाशीही झाली नव्हती आणि आयुष्य १०० वर्षांचं धरलेलं. तारा तुटत गेल्या, बाहेरून कुणाला कळलं नाही. नंतर यंत्र आत सोडून तपासणी केली तर आणखी पाच ठिकाणं धोक्याची निघाली. सगळ्या शहराला अंघोळ, कपडे धुणं, सगळंच कमी करायला सांगितलं, पुतण्या रोज फोनवर सांगायचा.

वय बघून वाहिनी ठरवता येत नाही हा त्यातला धडा. आत बघावं लागतं, आणि तपासणीला पैसा लागतो जो कुणालाच द्यावासा वाटत नाही, कारण त्यातून नवं काहीच उभं राहत नाही.

न्यूयॉर्कचंही असंच. त्यांच्या निम्म्या पाण्याचा बोगदा, डेलावेअर ॲक्विडक्ट, नव्वदच्या दशकापासून गळतोय हे माहीत होतं. दिवसाला साडेतीन कोटी गॅलनपर्यंत, म्हणजे तेरा कोटी लिटर. बंद करून दुरुस्त करायचा तर शहराने प्यायचं काय? म्हणून आधी नदीखालून दुसरा बोगदा खणावा लागला, एक अब्ज डॉलरचं काम. २०२४ च्या ऑक्टोबरात अखेर जुना बंद केला, तर दुष्काळ आला आणि नोव्हेंबरात काम थांबवून पुन्हा पाणी सोडावं लागलं. दुरुस्तीसाठी मोकळा वेळ आणि पर्यायी वाट लागते. दोन्ही संपायच्या आत काम उरकायचं असतं.

---

तिसरा_मजला

चार दिवसांनी येतोय. इथलं वाचून मी आमच्या पाणी विभागात जाऊन तोच प्रश्न विचारला, किती किलोमीटर वाहिनी बदलली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि छापील कागद दिला. त्यात कामांची संख्या आहे आणि खर्च झालेली रक्कम आहे. किलोमीटर कुठेच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलं नाही. आता काय करू?

---

पाणवठा (धागाकर्ती)

त्या कागदावर कामांचे क्रमांक असतील. प्रत्येक कामाचं मोजमाप पुस्तक असतं, त्यात व्यास आणि लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते, कारण ठेकेदाराचं बिल त्याच्यावरच निघतं. म्हणजे आकडा त्यांच्याकडे आहे, फक्त बेरीज केलेली नाही. लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: जुनी काढून नवी घातलेली वाहिनी किती मीटर, नव्या वस्तीसाठी वाढवलेली किती मीटर, आणि एकूण जाळं किती किलोमीटर. पहिल्या दोन गोष्टी एकत्र देऊ देऊ नका, तिथेच आकडा फुगतो. व्यासही मागा, शंभर मिलिमीटरचा एक किलोमीटर आणि सहाशेचा एक किलोमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि त्या बाईंचा पुढच्या वर्षीच्या कागदात एक रकाना वाढवायला होकार मिळतो का बघा. मला वाटतं त्या देतील. आमच्या विभागात मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

---

चावीवाला

अर्जात झडपांचंही घाला. एकूण किती, आणि गेल्या वर्षात किती फिरवून पाहिल्या.